टणटणी तोडली तरी परत का येते?

प्रश्न: ताई नमस्कार. येडशीजवळ आमचं गाव. गायरानाचा माळ टणटणीनं इतका भरलाय की गुरं आत शिरंनात. मागल्या उन्हाळ्यात आम्ही पोरांनी कोयत्यानं सगळी साफ केली, पण पाऊस पडला की पहिल्यापेक्षा दाट उगवली. आता काहीजण म्हणतेत जाळा, काहीजण म्हणतेत फवारा मारा. काय करावं? (एक वाचक, धाराशिव जिल्हा)

उत्तर: दादा, जाळू नका. वरचं जळतं, बुडाला लगेच फुटवे येतात, आणि माळावरचं कामाचं गवत मात्र होरपळतं. सगळीकडं तणनाशक मारलं तरी गवत जातंच.

टणटणी, म्हणजे घाणेरी, इंग्रजांनी दोनेकशे वर्षांपूर्वी शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत लावली, तिथून ती देशभर पसरली. तिचा जीव असतो बुडात. खोड जिथं मुळाला मिळतं तिथूनच फुटवे येतात, त्यामुळं कोयता चालवला की एका फांदीच्या चार होतात. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी यावर साधी पद्धत बसवलीय. जमिनीखाली दोन-तीन बोटं उकरायचं, फुटव्याच्या त्या गाठीखाली मुख्य मूळ टिकावानं तोडायचं आणि झुडूप उपटून मुळं आभाळाकडं करून उलटं ठेवायचं, तसंच वाळू द्यायचं. पहिले पाऊस झाले की माती मऊ असते, फळंही पिकलेली नसतात, तेव्हा करा. घरटं दिसलं तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत सोडा.

पण खरं काम इथून पुढं आहे आणि मला तेच कळकळीनं सांगायचंय. बुलबुल काळी फळं खातात आणि झाडावर बसून बी टाकतात, म्हणून बोरी-बाभळींच्या बुडाशी बघा, तिथंच रोपं दाट निघतात. बोटभर असताना हातानं उपटली की सहज येतात, वर्षभर सोडली की परत टिकाव लागतो. निदान दोन-तीन पावसाळे हे करावं लागेल, म्हणून जेवढ्या तुकड्याला परत-परत फिरता येईल तेवढाच घ्या, आणि जिथं टणटणी विरळ आहे तिथून सुरू करा, दाट जाळी शेवटी. सगळा माळ एका दमात उघडा केला तर माती वाहून जाईल आणि त्या जागी गाजर गवत येऊन बसेल.

मोकळ्या जागेत आपलंच गवत आणा. पवन्या, डोंगरी, मारवेल बांधावर अजून सापडतात, दिवाळीच्या आसपास बी पिकलं की ओरबाडून ठेवा आणि जूनमध्ये फेका. पहिलं वर्ष चराई बंद, गवत कापून न्यायचं. तिथं खड्डे खणून झाडं लावायचा आग्रह कुणी धरला तर नाही म्हणा, माळ हा माळच राहू द्या, तित्तर, ससे, लांडगे त्याच्यावरच जगतात.

आणि चारा नसला की उपाशी जनावरं टणटणीचा पाला खातात, त्यानं कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. तोडलेला पाला गोठ्याकडं नेऊ नका.

गायरानाचं काम ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन करा, गावच्या जैवविविधता समितीलाही सोबत घ्या. रामलिंग घाट अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याला विचारल्याशिवाय काडीसुद्धा मोडू नका.

प्रश्न: मंदिरामागच्या देवराईत गाजर गवत झालंय. उपटलं की हाताला खाज सुटते. (एक वाचक, परभणी)

उत्तर: ताई, हातमोजे आणि तोंडाला रुमाल लागतोच. 1955 ला पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आज कुठं नाही ते सांगा! फुलं यायच्या आधी, ओल असताना मुळासकट काढा, एकेक रोप हजारो बिया टाकतं. पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर त्यांना मारू नका, ते हेच गवत खातात. रिकाम्या कडेला तरोट्याचं बी टाका, तो गाजर गवताला दाबतो.

प्रश्न: येडी बाभळ बंधाऱ्यात घुसलीय, शेंगा शेळ्यांना चालतात का? (एक वाचक, जालना)

उत्तर: चालतात, पण अख्ख्या देऊ नका. बी पोटातून तसंच बाहेर पडतं आणि लेंडीसोबत नवीन जागी रुजतं. शेंगा वाळवून गिरणीतून भरडून घ्या, बी फुटलं पाहिजे. झाड काढायचं तर बुड खणूनच, आणि पाण्याच्या कडेपासून सुरुवात करा.