वाचकांचे प्रश्न : उंदरांची वाट अडवताना

प्रश्न : गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरी पिंजऱ्यात सात उंदीर सापडले. दर वेळी आता संपले असे वाटते आणि आठवड्याभरात ओट्याखाली पुन्हा लेंड्या दिसू लागतात. आमचे कोठे चुकते आहे?

उत्तर : पिंजरा लावण्यात आपली चूक नाही; मात्र उंदीर ज्या वाटेने आत येतात ती उघडीच राहिली आहे, आणि ती बंद होईपर्यंत पकडलेल्या प्रत्येक उंदराची जागा दुसरा घेत राहील. घरातल्या लहान उंदराला शिरायला सुमारे 6 मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढी फट पुरते. मादीचा गर्भकाळ 19 ते 21 दिवसांचा, एका वेताला बहुधा पाच-सहा पिल्ले आणि दीड-दोन महिन्यांत ती पिल्लेही विण्याजोगी होतात, हे लक्षात घेतले तर आठवड्याला एक उंदीर पकडून त्यांची संख्या का घटत नाही ते कळेल.

म्हणून आधी एक पूर्ण दिवस फटी शोधण्यात घालवा. दिवे मालवून दारे बंद करा आणि बाहेरचा उजेड कोठून आत येतो ते पाहा. त्यानंतर विजेरी घेऊन सिंकखाली वाका. सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तेथे त्याच्याभोवती राहिलेली मोकळी जागा बहुतेक घरांत कोणीच पाहिलेली नसते, आणि माझा पहिला संशय नेहमी तिच्यावरच असतो. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने तो सतत कुरतडतो; कापडाचा बोळा, थर्माकोल किंवा नुसता फोम त्याच्यापुढे टिकत नाही. भोकात स्टील वूल घट्ट कोंबून वरून सिमेंट लावावे, झरोक्यांना 6 मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवावी आणि दाराखाली पट्टी लावावी.

पिंजऱ्याच्या जोडीला चाप वापरायचा असेल तर तो भिंतीशी काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर खोलीच्या मधून न जाता भिंतीच्या कडेने धावतो. घरट्यापासून तो सहसा दहा मीटरपेक्षा दूर जात नाही. त्यामुळे घरभर मिळून एकच सापळा लावण्यापेक्षा लेंड्या दिसतात तेथे दोन-तीन मीटरच्या अंतराने अनेक सापळे एकाच रात्री लावणे केव्हाही चांगले. दिवसाला सुमारे 3 ग्रॅम अन्नावर त्याचे भागते आणि पाण्याची गरज तो बरीचशी अन्नातूनच भागवू शकतो, म्हणून सांडलेले कण आणि पाळीव प्राण्याच्या ताटलीतले उरलेले अन्न रात्री उचललेच पाहिजे. पिंजरा रोज सकाळी न चुकता पाहा. अडकलेल्या जिवाला दिवसचे दिवस तडफडत ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

प्रश्न : आमच्या धान्याच्या गोदामात विषारी वड्या सर्वत्र टाकाव्यात असे सहकारी सुचवतात. ते योग्य ठरेल का?

उत्तर : कृपया तसे करू नका. ब्रोमाडिओलोनसारखी विषे रक्त गोठण्याची क्रिया रोखतात, परंतु उंदीर मरायला काही दिवस लागतात. तोवर तो हिंडत राहतो, भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो, आणि त्याला खाणाऱ्या घुबडाच्या किंवा मांजराच्या अंगातही ते विष जाते. झिंक फॉस्फाइडपासून पोटात फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. विष वापरणे अपरिहार्यच झाले तर ते प्रशिक्षित व्यक्तीकडून, कुलूपबंद पेटीत आणि मालापासून दूर ठेवून घ्यावे. गोदामात खरा फरक मांडणीमुळे पडतो : पोती जमिनीपासून सुमारे 15 आणि भिंतीपासून सुमारे 45 सेंटिमीटर अंतरावर ठेवली, तर कडेने चालून पाहता येते आणि लपायला जागा उरत नाही. आलेला माल आत घेण्यापूर्वी तपासावा, जुना माल आधी बाहेर काढावा, आणि कोणत्या सापळ्यात केव्हा काय सापडले याची तारीखवार नोंद ठेवावी. उंदीर कोणत्या बाजूने शिरतात ते त्या नोंदीतूनच उलगडते.

प्रश्न : कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रे उपयोगी पडतात का?

उत्तर : त्यांच्यावर विसंबू नये. उंदीर त्या आवाजाला लवकर सरावतात, शिवाय तो आवाज भिंती व सामान ओलांडून पलीकडे पोहोचत नाही.

प्रश्न : माळ्यावर पुष्कळ लेंड्या साचल्या आहेत. झाडून काढल्या तर चालेल का?

उत्तर : कोरड्या झाडूने किंवा व्हॅक्यूमने मुळीच काढू नका, त्यातून उडणारी धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास हंतासारखे विषाणू फुप्फुसांत पोहोचू शकतात. खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचे ताजे मिश्रण लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटे थांबा, मग कागदाने टिपून दुहेरी पिशवीत बांधून टाका. हातमोजे काढण्यापूर्वी ते धुवा, आणि काढल्यावर हात साबणाने धुवा.