मुलाला कबड्डीतून काढू नका, आधी त्याचा संघ पारखा

ताई, तुमचा मुलगा किशोर गटात खेळतो. परवाच्या सामन्यात एका पकडीनंतर दोन्ही संघ एकमेकांवर धावून गेले, त्याचा ओठ फुटला, आणि प्रशिक्षक तुम्हाला म्हणाले, "कबड्डीत आक्रमक व्हायचं नसेल तर घरी बसवा." त्याला खेळातून काढावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी खेळाडू आणि मग पंच म्हणून मी बरीच वर्षं मैदानावर काढली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो: खेळातून काढू नका. गरज पडली तर संघ बदला.

कबड्डीत अंगाला अंग भिडणारच. कोपऱ्यात उभा बचावपटू (कोपरारक्षक) घोटा धरतो, हात धरून उभ्या बचावपटूंची साखळी घेरते, चार-पाच जण अंगावर पडतात. यातून भांडण होत नाही. पकड स्वच्छ असेल तर पकडलेला मुलगा माती झटकून मुकाट बाहेर जातो. भांडणाचं मूळ वेगळंच असतं. चढाई करणाऱ्याचा दम तोडायला तोंडावर हात दाबणं, पायाची कात्री घालणं, केस किंवा जर्सी ओढणं, शिट्टी झाल्यावरही मुद्दाम दाबून धरणं. यातलं काहीच नियमात बसत नाही, आणि आवर घालायला पंचांकडे कार्डं आहेत: हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून बाद.

अडचण अशी की स्थानिक स्पर्धांत ती कार्डं खिशातून निघतच नाहीत. आयोजक मंडळाचाच संघ खेळत असतो, प्रेक्षक रेषेला खेटून उभे असतात, रात्र झालेली असते आणि अजून तीन सामने उरकायचे असतात. किशोरांचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा. चौथ्या मिनिटाला कुणाचे केस ओढले गेले आणि शिट्टी वाजली नाही, की त्या पोराच्या मनात पक्कं होतं की हिशेब आता आपणच चुकता करायचा. तो चुकता होतो दुसऱ्या डावात, आणि मग सगळे म्हणतात, पोरं अचानक भडकली. पहिल्या पाच मिनिटांत एक हिरवं कार्ड निघालं असतं तर बहुतेक वेळा पुढचं टळलं असतं, हे मी खात्रीने सांगतो. इंग्लंडच्या हौशी फुटबॉलमध्ये पंचांशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवण्याचा नियम आधी काही लीगमध्ये वापरून पाहिला, तेव्हा हुज्जतीचे प्रकार ३८ टक्क्यांनी कमी झाले. २०१९ पासून तो तिथे सर्रास लागू झाला. शिक्षा छोटी असली तरी चालते, ती लगेच व्हायला हवी.

निर्णय स्पष्ट नसेल तर मोठ्यांचंही काय होतं ते २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत दिसलं. भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत असताना भारताच्या पवन सेहरावतच्या एका चढाईवरून वाद झाला. जुना नियम लावायचा की नवा, यावर निर्णय फिरत राहिले आणि खेळ तासभर थांबला. खेळाडू मॅटवर बसून राहिले, पण कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. याउलट २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पैलवान शिवराज राक्षेने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली आणि तीन वर्षांचं निलंबन ओढवून घेतलं. पंचांचा निर्णय चुकला होता की बरोबर, यावर लोक आजही वाद घालतात, पण त्याने लाथेचं समर्थन होत नाही. आपल्या पोरांनी ती चित्रफीत मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली आहे. त्यावर प्रशिक्षक काय बोलले, हे मुलाला जरूर विचारा.

"मैदानात राग निघाला की मुलगा घरी शांत राहतो," असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. मला ते अजिबात पटत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली लहान मुलांवर प्रयोग केला होता. मोठ्या माणसाला बाहुली बदडताना ज्यांनी पाहिलं, ती मुलं नंतर तशीच, त्याच पद्धतीने बाहुली बदडू लागली. पोरं राग कसा काढायचा हे मोठ्यांकडूनच शिकतात, आणि मैदानावर मोठं माणूस म्हणजे बाकावर बसलेला प्रशिक्षक आणि रेषेबाहेर "तोड त्याला!" म्हणून ओरडणारे आपण पालक.

आक्रमकता हवीच. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या, 'करो या मरो' चढाईत गुण आणायची जबाबदारी अंगावर घेणं, समोरचा वजनाने जड असला तरी घोट्यात झेप टाकणं, ही आक्रमकता. तुमचे प्रशिक्षक याबद्दल बोलत असतील तर माणूस चांगला आहे. ओळखायचं कसं? तीन-चार दिवस सरावाला जाऊन बसा. सरावात एखाद्याने केस ओढले तर ते त्याला बाहेर काढतात की हसतात? पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचं, अशी शिस्त संघाला आहे का? सामन्यात ते स्वतः पंचांवर धावून जातात का? यातच तुम्हाला उत्तर मिळेल. वाईट निघालं तर हंगाम संपायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दुसऱ्या संघाकडे चौकशी करा. चांगला कबड्डीपटू कुणालाही हवाच असतो.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी बोलत नाही. किशोर गटाला वयाची १६ वर्षांची आणि वजनाचीही मर्यादा आहे, तरी खोट्या दाखल्यांवर मोठी पोरं उतरवली जातात. अशा संघासमोर आपली मुलं आधीच चिडलेली असतात. शंका असेल तर वजन होतानाच संघ व्यवस्थापकांकरवी लेखी हरकत नोंदवायला सांगा. सामना सुरू झाल्यावर आरडाओरडा करून काही हाती लागत नाही.

ओठ भरून येईल. पण त्या झटापटीत डोक्याला मार लागला होता का, हे नीट विचारा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय मैदानात पाठवू नका, प्रशिक्षक काहीही म्हणोत.