पक्षावरून माणसाचा स्वभाव आणि मतं ओळखता येतात का?

पूर्ण ओळखता येत नाहीत. लेबलवरून फार तर पहिला अंदाज बांधता येतो. तुम्ही साताऱ्यात बदली होऊन आला आहात, म्हणून इथलंच उदाहरण देतो. २१ ऑक्टोबर २०१९ ला एकाच दिवशी दोन मतदानं झाली. सातारा विधानसभेला भाजपचा उमेदवार निवडून आला, आणि हा मतदारसंघ ज्या सातारा लोकसभेत येतो, तिथली पोटनिवडणूक राष्ट्रवादीने जिंकली. सोसायटी किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीत तर पॅनेल बहुतेक गटावर, भावकीवर ठरतं.

अंदाज चुकतो तो प्रमाणात. पक्षाचं ठळक वैशिष्ट्य आपण सगळ्यांवर चिकटवतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात लोकांना वाटत होतं की रिपब्लिकनांपैकी सुमारे ३८ टक्के लोक वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावतात. खरा आकडा जेमतेम २ टक्के. आणि विरोधी पक्षाबद्दलचे अंदाज जास्त चुकलेले होते!

म्हणून माणसाशी बोलताना:
- पक्ष नको, मुद्दा विचारा: उसाचा दर, शेतीचं पाणी, आरक्षण.
- प्रश्न उघडा ठेवा. ‘तुम्ही विरोधातच असणार ना?’ असं विचारलं की समोरचा अडून बसतो.
- त्याने स्वतः सांगितलेलं आणि तुमचा अंदाज जुळत नसेल, तर अंदाज सोडा.

पदाधिकारी मात्र वेगळा. जाहीर सभेत तो पक्षाचीच भूमिका मांडेल, तिथे लेबल बऱ्यापैकी खरं ठरतं. घरी चहावर त्याचं मत वेगळं असू शकतं.