नव्याच्या साठ टक्क्यांत जुना जॉइंटर: घ्यावा का?

प्रश्न: नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम. वर्षभरात ओळखीतून टेबलं, शेल्फ अशा ऑर्डरी यायला लागल्यात. थिकनेसर (फळी सगळीकडे सारख्या जाडीची करणारं मशीन) आहे, जॉइंटर (फळीचं एक तोंड सपाट आणि कड सरळ करणारं मशीन) नाही. एकाने पंधरा वर्षं जुना आठ इंची जॉइंटर विकायला काढलाय आणि तशाच नव्या मशीनच्या ६० टक्के किंमत मागतोय. मोटर थ्री-फेज आहे, माझ्याकडे सिंगल फेज. पात्यांवरचं गार्ड हरवलंय, टेबलांवर थोडा गंज आहे. "आणखी दोघं पाहून गेलेत, निम्मे पैसे आत्ताच द्या," असं तो म्हणतो. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम ठेवली आहे, मशीनसाठी त्यातला दीड महिना जाईल. दुसरा पर्याय म्हणजे नवं मशीन हप्त्यांवर. काय करू?

उत्तर: ६० ला घेऊ नका. ४० च्या आसपास मिळत असेल आणि मी खाली सांगतो त्या दोन-तीन तपासण्यांत मशीन उतरत असेल, तर जरूर घ्या. मात्र अडीअडचणीच्या पैशांतून नको.

हिशेब सोपा व्हावा म्हणून नव्या मशीनची किंमत १०० धरू. जुनी वस्तू घेताना आपण "नव्यापेक्षा ४० वाचले" असं मनात म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण ६० ही मशीन दारात येण्याआधीची किंमत आहे. तुमच्या जागेत ते चालू होऊन पहिली फळी सरळ निघेपर्यंत किती लागतील? मोटर बदलणं किंवा तिच्यासाठी ड्राइव्ह (सिंगल फेजवरून थ्री-फेज वीज करून देणारं उपकरण) बसवणं, १०. गार्ड ३. पात्यांचा नवा संच ३. बेअरिंगं, पट्टा आणि मजुरी ३. आठ इंची जॉइंटर २०० किलोच्या आसपास भरतो, तो दोघांनी उचलून टेम्पोत टाकायची वस्तू नाही, म्हणून वाहतूक ५. झाले २४. हे माझे ढोबळ आकडे आहेत, तुम्ही प्रत्येकाचा भाव काढून त्या जागी तुमचे आकडे बसवा. पण ६० चं मशीन ८४ ला पडतं हे एकदा कागदावर दिसलं की विक्रेत्याच्या घाईचं दडपण बरंच कमी होतं. आणि तुमच्या राखीव रकमेतून दीड महिना जाणार नाहीये, दोन महिन्यांहून जास्त जाणार आहे.

आता पुढचा भाग, जो बहुतेक जण करत नाहीत. मशीन घेणं म्हणजे पैसे खर्च होणं एवढंच नसतं. चांगलं बिडाचं मशीन पाच वर्षांनी विकताही येतं. तेव्हा खरा खर्च म्हणजे घालताना गेलेले वजा विकताना आलेले, भागिले वर्षं, आणि त्यात अडकलेल्या पैशांवर बुडालेलं व्याज. नवं मशीन १०० ला घेतलं आणि पाच वर्षांनी ५५ ला गेलं, तर वर्षाला ९ घसरण. व्याज ७ टक्के धरलं तर आणखी ७. एकूण १६. तुमचं जुनं मशीन ८४ ला पडून पाच वर्षांनी ४५ ला गेलं, तर घसरण ७.८ आणि व्याज ५.९, म्हणजे साधारण १३.७. वर्षाला जेमतेम सव्वादोनचा फरक, आणि त्यासाठी हमी सोडायची, दुरुस्तीची पळापळ करायची, सुटे भाग शोधायचे. हा सौदा नव्हे. तेच मशीन ४२ ला घेतलंत, तर सगळं धरून ६६ ला पडतं आणि वर्षाचा खर्च ९ च्या आत येतो. नव्याच्या जवळजवळ निम्मा. इथे जुनं घेण्यात अर्थ आहे, कारण पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. दुरुस्तीसकट एकूण खर्च नव्याच्या दोन तृतीयांशावर जाऊ द्यायचा नाही, हा माझा वापरातला ढोबळ नियम. तुमचा ४२ त्यातूनच आला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गार्ड, पाती, बेअरिंगं यांवर घातलेले पैसे विकताना वेगळे वसूल होत नाहीत. त्यांच्यामुळे मशीन "चालू स्थितीत" म्हणून विकलं जातं, एवढंच. म्हणून हे सगळे विक्रेत्याने मागितलेल्या किमतीतूनच वजा व्हायला हवेत.

मशीन पाहायला जाल तेव्हा दोषांचे दोन गट करा: पैशाने सुटणारे आणि न सुटणारे. गंज पाहून माणसं घाबरतात, पण बिडाच्या टेबलावरचा वरवरचा गंज एका सकाळीत घासून जातो. त्याचा उपयोग घासाघीस करण्यापुरता. खडखडणारं बेअरिंगही घाबरण्यासारखं नाही, त्यावर नंबर असतो आणि त्या नंबराचं नवं मिळतं. टेबलाला पीळ असेल किंवा बिडाला तडा गेला असेल तर मात्र विषय संपला. टेबल पुन्हा ग्राइंड करून घेता येतं, पण त्याचा खर्च आणि ओझं पाहता तुमच्या बजेटमध्ये ते बसणार नाही. बीड वेल्डिंगने धड जोडलं जाईल यावरही भरवसा ठेवू नये. तडा शोधायचा तो टेबलाच्या कटर-ब्लॉककडच्या (पाती बसवलेल्या, फिरणाऱ्या भागाकडच्या) पातळ ओठावर, फेन्स (फळी टेकवून सरकवायची उभी पट्टी) जिथे बोल्टने बसते तिथे, आणि टेबल ज्या तिरक्या खाचांवर सरकतं त्यांच्या आसपास. रंग नवा दिसला तर तिथे जास्त वेळ काढा.

पीळ पाहायला एक खात्रीची सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) घेऊन जा. मशीनचा प्लग काढलेला असू द्या. पट्टी आउटफीड टेबलावर (पात्यांनंतरचं, जिथे फळी बाहेर येते) ठेवून इनफीडवर (पात्यांआधीचं, जिथून फळी आत जाते) पुढे जाऊ द्या, इनफीड वर घेऊन पट्टीला टेकवा आणि फट मोजा: फेन्सच्या बाजूने एकदा, तुमच्या बाजूने एकदा, मग तिरप्या रेषेत दोन्हीकडून. दोन्ही कडांना सारखीच फट असेल, म्हणजे टेबल टोकाला खाली झुकलंय, तर काळजीचं कारण थोडं कमी. तिरक्या खाचांत पातळ पत्रा सरकवून ते बरंचसं सुधारतं. एका कडेला फट आहे आणि दुसरीकडे नाही, म्हणजे पीळ. खाचेत एकाच बाजूला पत्रा घालून कधीकधी तो निघतो, पण टेबल स्वतःच पिळलेलं असेल तर नाही. हे दोन्ही ओळखणारा माणूस सोबत नसेल तर मशीन सोडलेलं बरं. ०.०५ मिमीच्या आसपासची फट मी मनावर घेणार नाही. ०.२५ च्या पुढे गेली की पैसे खिशातच ठेवा.

कटर-ब्लॉक पाहताना पट्टा काढून हाताने फिरवायला सांगा. बोटांना खरखर जाणवते का, टोकाला धरून वर-खाली हलवला तर हालतो का. मग पात्यांकडे या. पाती पुन्हापुन्हा धार लावून अरुंद झालेली असतील तर ३ चा खर्च पक्का आहे, घासाघीशीत तो बोलून दाखवा. पाती आवळणाऱ्या स्क्रूंची डोकी झिजून गोल झाली असतील तर ते किरकोळ समजू नका. मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेणाऱ्या ब्लॉकमध्ये पातं धरून ठेवणारे तेच असतात.

शेवटची तपासणी लाकडावर. आधी पाहा की कापून बाहेर येताना फळीच्या शेपटीला खड्डा पडतो का. पडत असेल तर आउटफीड टेबल पात्यांपेक्षा खाली राहिलंय. तो जुळवणीचा प्रश्न आहे, मशीनचा नव्हे. मग दोन फळ्यांच्या कडा काढून घ्या, पण दोन्ही वेळा चांगली बाजू फेन्सला लावूनच. नंतर चांगल्या बाजू वर करून कडेला कड लावा आणि जोडावर आडवी पट्टी ठेवा. फेन्स काटकोनात नसेल तर चूक इथे दुप्पट होऊन दिसते. एक फळी उलटी लावून काढली तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि जोड सपाट दिसतो. विक्रेता जाणूनबुजून असं करेल असं मी म्हणत नाही, पण फळ्या तुम्ही धरा.

गार्डशिवाय ही चाचणी घ्यायची तर निदान फळी लांब घ्या आणि पुश ब्लॉक (हात पात्यांपासून दूर ठेवून फळी ढकलायचा ठोकळा) सोबत न्या. एक फूट लांबीच्या आतला तुकडा या मशीनवर कधीच चालवू नये. नवं गार्ड येईपर्यंत मशीन घरी आलं तरी चालू करायचं नाही, हे आर्थिक सल्ल्याचा भाग म्हणूनच सांगतोय: तुमचं घर नोकरीच्या पगारावर चालतं, आणि तुमचा अपघात विमा असेल तर पैसे घेऊन केलेल्या कामात झालेली इजा त्यात बसते का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

मोटरबद्दल थोडं. तिच्या पाटीचा फोटो मागवा. पाटीवर व्होल्टेजचे दोन आकडे असतील आणि खालचा आकडा तुमच्या घरच्या सिंगल फेज व्होल्टेजशी जुळत असेल, तर मोटरची जोडणी बदलून सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह वापरता येतो, आणि मी धरलेले १० बरेच कमी होऊ शकतात. वाचलेल्यातला निम्मा हिस्सा किमतीत वाढवायला माझी हरकत नाही. पाटीवर एकच, वरचा आकडा असेल तर मोटर बदलायची आहे असं धरूनच बोला.

हे सगळं झालं मशीनचं. मशीन हवंय का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी उत्तर देतो. तुमच्याकडे थिकनेसर आहे ही जमेची बाजू. नुसता जॉइंटर एक तोंड सपाट आणि एक कड काटकोनात करून देतो, दोन्ही तोंडं समांतर करणं हे त्याचं काम नव्हे. दोन्ही मशीन जोडीनेच कामाची. पण थिकनेसरवरच सपाट प्लायच्या पाटावर फळी पाचरी लावून ठेवली, तर पहिलं तोंडही सपाट करता येतं. कडेसाठी राउटर आणि सरळ पट्टी आहेच. म्हणजे जॉइंटर तुमचं अडलेलं काम सोडवत नाही, वेळ वाचवतो. किती वेळ? मागच्या वर्षीची लाकडाची बिलं काढा. रंधून तयार मिळालेल्या आणि कच्च्या फळीच्या दरातला फरक, गुणिले वर्षभरात लागलेलं लाकूड. त्यात ऑर्डरींवर वाचलेले तास तुमच्या दराने मिळवा. ही बेरीज वर्षाला ९ च्या वर जात असेल तर मशीन स्वतःचे पैसे काढतं. जात नसेल आणि तरीही हवं असेल, तर तो छंदाचा खर्च आहे. छंदाला खर्च करावा, फक्त तो छंदाच्या खात्यातून व्हावा.

आता पैसे कुठून. राखीव रकमेला हात लावू नका. हप्त्यांवर नवंही नको, कारण वरच्या १६ मधल्या ७ च्या व्याजाच्या जागी हप्त्याचं व्याज येईल आणि ऑर्डरी थांबल्या तरी हप्ता थांबणार नाही. ऑर्डरींचे पैसे आजपासून वेगळ्या खात्यात टाका. दुरुस्तीसकट ६६ जमायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तुमच्या ऑर्डरी टिकतात की नाही हेही कळेल. दरम्यान हे मशीन कुणी नेलं तर नेऊ द्या, जुने जॉइंटर बाजारात येत राहतात. ते जड असतात, जागा खातात, आणि घर बदलणाऱ्याला ते लवकर काढायचे असतात.

त्या विक्रेत्याला निम्मे पैसे देऊ नका. फार तर दोन-तीन टक्के विसार, तोही मशीन वीज लावून चालताना पाहिल्यावर आणि "चाचणीत टेबलाला पीळ निघाला तर विसार परत" असं लिहून घेऊन. ३६ पासून बोलायला लागा, दुरुस्तीची यादी त्याच्यासमोर ठेवा, ४२ ला थांबा. तो ५० वर अडून बसला तर आपला नंबर देऊन या. त्या दोन गिऱ्हाइकांनी खरंच नेलं नसेल, तर महिन्याभरात त्याचा फोन येईल.