आहाराची प्रश्नावली घेऊन निघण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

घरातल्या मुलामुलींच्या आहारात फरक पडतो का, हे तपासायची तुझी प्रश्नावली वाचली. उत्पन्नाचे पाच गट, मुलगा-मुलगी असे रकाने, आणि घरात महिन्याला डाळ किती, तेल किती, असे प्रश्न. मेहनत दिसते. पण घरात दोन किलो तूरडाळ आली, यावरून ती कुणाच्या पानात किती पडली हे कळत नाही, आणि तुझा विषय तर नेमका तोच आहे. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत मुलीनं काय खाल्लं, तिच्या भावानं काय खाल्लं, हे वेगवेगळं लिहून घे. वाटी, पळी, पेला बरोबर ने. ‘थोडंसं’ म्हणजे किती, ते वाटी पुढं केल्यावरच ठरतं.

‘आमच्यात असला भेद नाही’ हे उत्तर बहुतेक घरांत मिळेल. लोक खोटं बोलत नसतात. भाकरी सगळ्यांना मिळतेच. फरक असला तर तो अंडं, दूध, रश्श्यातले तुकडे यांत असतो. म्हणून भेदभावाबद्दल विचारूच नकोस, ‘सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?’ एवढंच विचार. आईबरोबर मागून बसणाऱ्या मुलीच्या वाट्याला भांड्याच्या तळाचं कालवण येतं, हे मग आपसूक बाहेर येतं. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर मात्र येणार नाही. अशा वेळी मुलीशी शाळेत बोल.

वयाचे गट नीट पाड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ६ ते ५९ महिन्यांच्या सुमारे ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, आणि त्या वयात मुलगे-मुली जवळपास सारखेच. १५ ते १९ या वयात मात्र मुली ५९ टक्के, मुलगे ३१. सगळा दोष वाढणाऱ्या हाताला देऊ नकोस. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत १० ते १२ वर्षांच्या मुलाला रोज १६ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, मुलीला २८. म्हणजे दोघांना अगदी मोजून सारखं वाढलं तरी तिचीच तूट मोठी. तुझ्या आराखड्यात ‘समान आहार’ हा चांगला निकाल मानलाय, तो भाग बदल.

उत्पन्नाचं गणितही सरळ नाही. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात लोहाची कमतरता शहरी आणि सधन घरांतल्या मुलांत जास्त निघाली. ड जीवनसत्त्वाचीही शहरातच जास्त. रक्तक्षय आणि लोहाची कमतरता या दोन गोष्टी एक धरू नकोस: फोलेट आणि बी-१२ या जीवनसत्त्वांची तूट, जंत, वारंवारची आजारपणं, सगळी रक्तावर उठतात. बी-१२ तर निसर्गतः प्राणिज पदार्थांतूनच मिळतं, त्यामुळे दूध चहापुरतंच असलेलं सधन शाकाहारी घर त्यात कमी पडू शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचं काम वाच. पुण्याजवळच्या गावांतल्या साधारण दोन-तृतीयांश गरोदर बायकांत बी-१२ कमी होतं. मुलाची तूट कधीकधी जन्माआधीच सुरू झालेली असते.

बारीकसारीक आणखी. जेवणाबरोबर चहा होतो का, लिंबू-पेरू-आवळा काही असतं का, हे लिही. चहानं लोह कमी शोषलं जातं, या फळांतल्या क जीवनसत्त्वानं जास्त. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ‘मिळाली का’ असं विचारू नकोस, ‘गिळलीस का’ असं विचार. मळमळतं म्हणून पुष्कळ मुली दप्तरात ठेवतात. श्रावणात गेलीस तर अंडी-मटण जवळजवळ दिसणारच नाही, आणि आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भाज्या भरपूर दिसतील. प्रत्येक घरी दोनदा जा, आणि त्यातला एक दिवस बाजाराच्या आदला धर.

छपाईची घाई करू नकोस. आधी आपल्याच वाडीतली पाच-सहा घरं कर आणि भरलेले कागद जसेच्या तसे, खाडाखोडीसकट, मला पाठव.