बँक तुमची घटस्फोटाची डिक्री वाचत नाही

प्रश्न (डोंबिवली): ताई, म्युच्युअल (दोघांच्या संमतीने) घटस्फोटाचा अर्ज टाकून दोन महिने झाले. फ्लॅट आणि लोन दोन्ही जॉइंट, 31 लाख बाकी, हप्ता 29 हजार. नवरा म्हणतो फ्लॅट तू ठेव, हप्ते तू भर, कन्सेंट टर्म्समध्ये तसं लिहिलंय पण. माझ्या हातात 54 हजार येतात. सगळे म्हणतात आता काही टेन्शन नाही. खरंच का?

उत्तर: कोर्टापुरतं नाही, बँकेपुरतं आहे. कन्सेंट टर्म्स हा तुमच्या दोघांतला करार, बँक त्यात पार्टीच नाहीये, तिच्याकडे दोघांच्या सह्या आहेत आणि उद्या तुमचा एक हप्ता चुकला की रिकव्हरीवाल्याचा फोन दोघांना जाणार, सिबिल दोघांचं पडणार. आज तो समजूतदारपणे बोलतोय, पण दोन वर्षांनी त्याला स्वतःचं घर घ्यायचं झालं आणि या लोनमुळे त्याचं लोन अडलं की तोच तुमच्या मागे लागेल.

म्हणून आधी बँक, मग कोर्ट. लोन एकटीच्या नावावर करा असा अर्ज ब्रांचला द्या. 54 मधून 29 म्हणजे निम्म्याहून जास्त, त्यामुळे बहुतेक नाही म्हणतील. मग बाबा किंवा भाऊ को-बॉरोअर (सहकर्जदार) होतायत का बघा, किंवा एकरकमी पोटगी ठरली असेल तर ती थेट लोन खात्यात भरायला लावा म्हणजे हप्ता खाली येईल. तेही जमत नसेल तर फ्लॅट विकून पैसे वाटून घ्या, वाईट वाटेल, पण हप्त्याखाली चिरडून घेण्यापेक्षा बरं.

बँक हो म्हणाली तर तिची एनओसी घेऊन त्याचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने तुमच्या नावावर करून घ्या आणि हे डिक्रीच्या, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमाच्या आधी. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं, सेस आणि नोंदणीचा खर्च वेगळा. डिक्री झाली की तो तुमचा नवराच राहत नाही, मग किती शुल्क लागणार यावर सब-रजिस्ट्रारच्या टेबलासमोर हुज्जत घालत बसायची, आणि आकडा लाखांत असतो.

सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये म्युच्युअलच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट माफ करता येते असं सांगितल्यापासून सगळ्यांनाच घाई झालीय. तुम्ही करू नका, हेच महिने कामाचे आहेत. त्याचा वकील विचारेल, हिस्सा दिला आणि हिने संमती मागे घेतली तर? भीती रास्त आहे, डिक्री होईपर्यंत संमती मागे घेता येते. त्यावर उपाय म्हणून बरेच जण मसुदा तयार ठेवतात आणि कोर्टाच्या शेवटच्या तारखेच्या एक-दोन दिवस आधी रजिस्ट्रेशन उरकतात. नंतर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव पण बदला, ते हमखास राहून जातं.

(गोव्याच्या वाचकांनो, तुमच्याकडे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता सहसा निम्मी-निम्मी धरली जाते. इकडे तसं काही नाही, ज्याच्या नावावर त्याची.)

प्रश्न (सांगली): माझे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत. पावत्या नाहीत. मिळतील का?

उत्तर: पावत्या नसल्या तरी अल्बम आहे ना? लग्नाचे, ओटीभरणाचे फोटो काढा, आईला आणि माहेरच्या सोनाराला विचारा, पाटल्या, तोडे, ठुशी, बोरमाळ अशी एकेक नावानिशी, अंदाजे ग्रॅमसकट यादी करा. स्त्रीधन बाईचंच, सासरी ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही, सुप्रीम कोर्टाने हे 1985 मध्येच सांगितलंय. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही ते परत देण्याचा आदेश मागता येतो. आणि एक गोष्ट, टर्म्समध्ये 'दागिने मिळाले' हे वाक्य आधीच टाइप केलेलं असतं. दागिने काट्यावर ठेवून वजन बघितल्याशिवाय त्याखाली सही करायची नाही, सासूबाई कितीही "अगं घरचंच आहे" म्हणोत.

प्रश्न (नाशिक): मॅडम, मी 15 लाख एकरकमी देतोय. टॅक्समध्ये सूट मिळेल का? आणि जुन्या पॉलिसी, पीएफ यांचं काय?

उत्तर: सूट नाही मिळत. तिला एकरकमी मिळाली तर ती रक्कम तिचं उत्पन्न धरत नाहीत, मुंबई हायकोर्टाचा तसा जुना निकाल आहे. दरमहाची पोटगी मात्र उत्पन्न धरली जाते. नॉमिनी घटस्फोटाने आपोआप उडत नाही, तुम्हालाच बदलावा लागतो. पीएफचं ई-नॉमिनेशन आधार ओटीपीने घरबसल्या होतं, मुलाचं नाव टाका, अज्ञान असेल तर सोबत पालकाचं. पॉलिसी काढून बघा, 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली असली तर तुम्ही हप्ते भरत असलात तरी पैसे तिचे किंवा मुलांचे, तिथे नाव बदलता येणार नाही. पहिल्या पानावर तसा शिक्का किंवा ओळ असते, आजच बघून घ्या.