क्रोशेमध्ये झालरीसारखे हायपरबोलिक आकार कसे विणायचे? माझं वर्तुळ चुण्या न पडता वाटीसारखं का होतं?

तुम्ही लिहिलंय की साखळी आणि मुका खांब (सिंगल क्रोशे) एवढंच येतं, ‘दर तिसऱ्या टाक्यात दोन’ वाढवत पाच फेऱ्या केल्या, पण झालर येण्याऐवजी वाटी झाली, म्हणून दोनदा उसवलं. कृपा करून आता उसवू नका. तुमचं काहीही चुकलेलं नाही, तुम्ही एक फेरी आधी थांबलात.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण मीही तिथेच तीनदा उसवलं होतं. नागपूरच्या महाल भागातल्या मावशीकडे बसून विणत होते. तिचा हात तोरणं आणि थालपोस विणण्यात मुरलेला. ती म्हणाली, “काय करून राहिली तू? गोल सपाट यायला हवा ना!” तिच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. मुक्या खांबांचं वर्तुळ सपाट ठेवायचं तर दर फेरीत सहा टाके वाढवतात: ६, १२, १८, २४, ३०, ३६. वाढ ठरलेली, दर वेळी तेवढीच.

आपल्या हायपरबोलिक आकाराचं, म्हणजे कडेकडे पसरत जाऊन चुण्या पडणाऱ्या पृष्ठाचं, गणित वेगळं आहे. इथे वाढीचा आकडा ठरलेला नसतो, ठरलेलं असतं ते प्रमाण. जुन्या तीन टाक्यांवर नवे चार. ६ आणि १२ नंतर आपल्या फेऱ्या साधारण अशा जातात: १६, २१, २८, ३८, ५०, ६७, ९०, १२०. आता सपाट वर्तुळाचे आकडे शेजारी ठेवून बघा. पाचव्या फेरीत सपाटाला ३० टाके लागतात, आपल्याकडे २८. टाके कमी, म्हणून कड आत ओढली जाते आणि वाटी होते. सहाव्या फेरीत ३६ विरुद्ध ३८, इथे पारडं फिरतं. आठवीत ४८ विरुद्ध ६७. दहावीत ६० च्या जागेत १२० टाके मावायला बघतात. मावणार कसे? कड वरखाली वळते, तीच झालर. आपल्या अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाचा तुरा असाच चुरमडलेला असतो. तिथेही कडेची वाढ मधल्या भागापेक्षा जास्त असते.

अगदी पहिला तुकडा मात्र गोल न करता पट्टीचा करा, हात बसतो. २१ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीपासून २० मुके खांब. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक साखळी घालून उलटा आणि दर तिसऱ्या टाक्यात दोन खांब घाला. अशा सहा ओळींत टाके शंभराच्या वर जातात आणि पट्टी आपोआप पिळाची होते. एका दुपारचं काम आहे.

मग गोल. चार साखळ्या जोडून त्यात सहा मुके खांब, पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. तिथून एक, एक, दोन; एक, एक, दोन. फेरी जोडू नका, गोल गोल पुढे जात राहा. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला सेफ्टी पिन लावा, पण पिनेपाशी मोजणी नव्याने सुरू करू नका, चालू मोजणी तशीच पुढे न्या. कड फारच गर्दीची दिसायला लागली की ‘एखादी वाढ गाळू’ असं वाटतं. ती गाळू नका. अख्ख्या आकाराचा जीव त्या एका प्रमाणात आहे.

‘प्रत्येक टाक्यात दोन’ हा प्रकार पाहून मोह होतो, कारण झालर लगेच दिसते. पण ६ पासून दुप्पट होत आठव्या फेरीत ७६८ टाके होतात. पहिल्यांदाच विणणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकर फिक्या रंगाची घ्या, गडद रंगात टाके दिसत नाहीत. सुई नेहमीपेक्षा एक नंबर बारीक, म्हणजे वीण घट्ट येते आणि झालर उभी राहते. सैल विणलेली झालर लोळते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मात्र लोकर हातात धरवत नाही, तेव्हा मी सुती दोराच घेते.

हे सगळं सुचलं डायना टायमिना या लॅटव्हियन गणितज्ञ बाईंना, १९९७ मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात. तोवर अशा पृष्ठांच्या, म्हणजे हायपरबोलिक, भूमितीची मॉडेलं कागदाच्या पट्ट्या चिकटवून करत आणि ती हाताळताना फाटत. लहानपणी शिकलेलं विणकाम त्यांनी वर्गात आणलं. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी हेच प्रमाण मुद्दाम कमीजास्त करत विणलेलं प्रवाळ बेट उभं करायला घेतलं. तुम्हालाही नियम मोडायचा असेल तर खुशाल मोडा, पण एक तुकडा नियमाने पूर्ण झाल्यावर.

तो पहिला तुकडा झाला की एक गोष्ट नक्की करून बघा. झालर घडी घालून दाबा, घडीची रेघ ही त्या पृष्ठावरची सरळ रेघ. तिच्यावर लाल दोऱ्याने धावदोरा घाला. अशा तीन रेघांचा त्रिकोण करा आणि कोपरे निरखा. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते. शाळेत पाठ केलेलं वाक्य इथे लागू पडत नाही, हे बोटांना जाणवलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो तुकडा हातातून खाली ठेवला नव्हता.

थांबायचं कधी, हेही तुम्ही विचारलंय. दहा फेऱ्यांनंतरची प्रत्येक नवी फेरी तोवर लागलेल्या लोकरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त लोकर मागते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुकडा आणि उरलेली गुंडी दोन्ही तोला. तुकडा ३० ग्रॅम असेल आणि गुंडीत ११ ग्रॅमच्या आत उरलं असेल, तर आणखी फेरी सुरू करू नका, तिथेच धागा कापून टोक आत लपवा.